गुरुवारची कवायत

नॉर्थ कॅरोलिनात राहायचं आणि उन्हाळ्यात आउटर बँक्सला जायचं नाही, म्हणजे पुण्यात राहून सिंहगड न चढण्यासारखं आहे. आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत तिथला एक तरी फोटो असतो. मागे केप हॅटरसचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ आणि पुढे वाऱ्याने केस विस्कटलेलं कुटुंब. आमच्याकडेही आहे. भारतात हा अंक वाचणाऱ्यांसाठी सांगते : या राज्याच्या पूर्वेला, मुख्य भूमीपासून सुटलेली वाळूची एक लांबच लांब पट्टी नकाशावर दिसते, ती आउटर बँक्स. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला उथळ खाडी आणि मधली जमीन काही ठिकाणी इतकी चिंचोळी, की गाडीतून दोन्हीकडचं पाणी एकदम दिसतं.

यंदा जुलैत आमच्याबरोबर सासूबाई होत्या. त्या अलिबागच्या. समुद्रकिनाऱ्यावर छत्री रोवून दिवसभर पडून राहायचं, या कल्पनेचंच त्यांना हसू आलं. "समुद्र बघायला चार तास गाडीत बसू? तो तर आमच्या गल्लीच्या टोकाला आहे." म्हणून मी या वेळी किनाऱ्याऐवजी दुसरंच काहीतरी शोधलं. रोडँथी नावाच्या छोट्या गावात एक जुनं जीवरक्षक ठाणं आहे, त्याचं आता संग्रहालय झालं आहे. नाव चिकामाकॉमिको. हे मूळ रहिवाशांच्या भाषेतलं नाव. इंग्रजी स्पेलिंग बघून इथल्या माणसांचीही जीभ अडखळते. देवनागरीत लिहिलं की काही अडचण नाही. आमच्या नऊ वर्षांच्या ईराने ते मागच्या सीटवर बसून शंभर वेळा तरी म्हटलं असेल.

रॅलेहून पूर्वेकडे निघायचं, नॅग्ज हेडला पोचायचं आणि तिथून बारा नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला. ऑरेगन इनलेटवरचा उंच पूल ओलांडला की पी आयलंडचं पक्षी अभयारण्य लागतं. इथे वस्ती नाही. वाळूच्या टेकड्या, गवत आणि रस्त्यावर सारखी येऊन पडणारी वाळू. रोडँथीच्या अलीकडे समुद्र हा रस्ता इतक्यांदा वाहून न्यायचा, की शेवटी 2022 मध्ये खाडीवरून वळसा घालणारा नवा पूल बांधून रस्ताच बाजूला घेतला. गावात शिरताना खांबांवर उभी असलेली लाकडी घरं दिसतात. गेल्या काही वर्षांत त्यातली बरीच घरं समुद्रात कोसळली. उरलेल्यांपैकी काहींच्या खांबांभोवती भरतीचं पाणी फिरत होतं. आईंनी काच खाली करून पाहिलं. "वाळूवर घर बांधतात? आणि भाड्यानेपण देतात?" एवढंच म्हणाल्या. भाडं किती ते अमितने सांगितल्यावर तेवढंही बोलल्या नाहीत.

या किनाऱ्याला अटलांटिकचं स्मशान म्हणतात. दक्षिणेकडून येणारा गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह आणि उत्तरेकडून येणारं थंड पाणी केप हॅटरसजवळ भेटतात. हवा भरवशाची नाही आणि पाण्याखाली वाळूचे दांडे सतत जागा बदलत असतात. शिडाची जहाजं वादळात किनाऱ्याकडे ढकलली जात आणि काठापासून दोन-तीनशे मीटरवर वाळूत रुतून बसत. मग लाटा त्यांना फोडायला लागत. मला सगळ्यात भयंकर वाटलं ते हे अंतर. काठावरच्या माणसाला डोलकाठीला धरून बसलेली माणसं दिसायची, हाका ऐकू यायच्या. मधल्या पाण्यात होडी टिकायची नाही आणि पोहणारा तर नाहीच.

म्हणून सरकारने किनाऱ्यावर ठाणी बांधायला घेतली. नॉर्थ कॅरोलिनात पहिली सात ठाणी 1874 मध्ये झाली, त्यातलं हे एक. पण ती सुरुवातीला फक्त हिवाळ्यात उघडी असत आणि माणसंही अपुरी. 24 नोव्हेंबर 1877 रोजी ह्यूरॉन नावाचं नौदलाचं जहाज नॅग्ज हेडपाशी रुतलं. 98 माणसं गेली. ठाणं जवळच होतं, पण कुलूपबंद, कारण हंगाम 1 डिसेंबरला सुरू व्हायचा. आठवडाभर बाकी होता. पुढे दोन महिन्यांत मेट्रोपोलिस नावाचं जहाज फुटलं, आणखी 85 माणसं. वर्तमानपत्रांनी झोडपलं तेव्हा 1878 मध्ये कायदा झाला, ठाणी वाढली, हंगाम लांबला आणि जीवरक्षक सेवा हे स्वतंत्र खातं झालं. माणसं मेल्याशिवाय फाईल हलत नाही, हा काही फक्त आपल्याकडचा गुण नव्हे.

संग्रहालय म्हणजे एक इमारत नव्हे, छोटी वाडीच आहे. 1874 चं पहिलं ठाणं, 1911 चं त्याहून मोठं, वर टेहळणीचा मनोरा असलेलं दुसरं, दोन वेगळी स्वयंपाकघरं, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या, तबेला. जुन्या इमारतीचे मोठे दरवाजे उघडले की होडी थेट उतारावरून वाळूत उतरेल, अशी सोय. ठाण्याचा प्रमुख म्हणजे कीपर, आणि त्याच्या हाताखाली सहा-सात सर्फमन. हंगामात त्यांनी ठाण्यातच राहायचं. स्वयंपाक पाळीपाळीने. आईंनी स्वयंपाकघरातली चूल बराच वेळ निरखली आणि पुरुषांनी पाळीपाळीने रांधायचा नियम शंभर वर्षांपूर्वी कागदावर होता, हे ऐकून अमितकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं.

मी थबकले ती त्यांच्या वेळापत्रकापाशी. इथे येण्याआधी मी सहा वर्षं पनवेलच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. व्हिसाच्या नियमांमुळे इथे आल्यावर हातातला खडू सुटला, पण वेळापत्रक दिसलं की पाय अजून आपोआप थांबतात. सोमवारी किनाऱ्यावरच्या साधनांची कवायत. मंगळवारी होडीची. बुधवारी निशाणांची भाषा. गुरुवारी पुन्हा साधनांची. शुक्रवारी बुडालेल्या माणसाला शुद्धीवर आणायचा सराव. शनिवारी धुणं आणि साफसफाई. रविवारी कवायतीला सुट्टी, पहाऱ्याला नाही. हे आठवड्यामागून आठवडे, जहाज फुटो वा न फुटो. कीपरने रोजची नोंदवही लिहायची : वारा कुठून, लाटा कशा, किती जहाजं समोरून गेली. बहुतेक दिवशी लिहिण्यासारखं काही घडतच नसे, तरी लिहायचं. हजेरीपट कसा, वर्गात काही घडो न घडो, भरावाच लागतो.

आम्ही मुद्दाम गुरुवारी गेलो होतो. उन्हाळ्यात गुरुवारी दुपारी इथे ती जुनी कवायत करून दाखवतात. (जाणार असाल तर दिवस आणि वेळ आधी विचारून घ्या, आणि टोपी न्या, वाळूत सावली नावाला नाही.) जुन्या पद्धतीच्या पांढऱ्या गणवेशातली माणसं एक दोनचाकी गाडा हाताने ओढत आली. समोर वाळूत एक उंच खांब रोवलेला, त्याला आडवी फळी. ते आपलं रुतलेलं जहाज.

आधी पाठांतर. प्रमुखाने प्रत्येकाला नंबराने हाक मारायची आणि त्याने आपलं काम तोंडपाठ म्हणून दाखवायचं. मी काय उचलतो, कुठे ठेवतो, कोणाला मदत करतो, पुढे काय करतो. अगदी पाढे म्हणून घेतल्यासारखं. घोकंपट्टीला हल्ली शिव्या घालायची पद्धत आहे. मीही बीएडला घातल्या आहेत. पण अंधारात, गोठवणाऱ्या पावसात, वाऱ्यापुढे एकमेकांचा शब्द ऐकू येत नसताना दोर कोणी धरायचा हे कोणी कोणाला सांगणार? ते हातांनाच पाठ असायला हवं.

मग तोफ. कमरेएवढीसुद्धा नाही, दोन माणसांनी उचलावी एवढी. लाइल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ती घडवली म्हणून लाइल तोफ. तिचा गोळा कोणाला मारण्यासाठी नाही. सुमारे आठ किलोचा लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला बारीक दोरी बांधलेली. दोरी एका पेटीत खुंट्यांभोवती नागमोडी गुंडाळून ठेवतात, म्हणजे सुटताना गुंतत नाही. धडाम् आवाज झाला, ईरा माझ्या मागे लपली आणि दोरी हवेत मोठी कमान करून बरोबर आडव्या फळीवर जाऊन पडली. खऱ्या प्रसंगी ती जहाजावर पडली, की तिथल्या लोकांनी ओढून घ्यायची. तिच्यामागून कप्पी जाते आणि कप्पीबरोबर एक लाकडी पाटी, तिच्यावर सूचना : हे डोलकाठीला इतक्या उंचीवर बांधा. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला फ्रेंच. जहाज कुठल्या देशाचं असेल सांगता येत नाही ना! कोण बुडतंय हे कळायच्या आधीच त्याच्या भाषेची सोय करून ठेवलेली. मला ती पाटी फार आवडली.

त्यानंतर जाड दोर जातो, काठावर तो लाकडी कैचीवर ताणतात, त्याचं दुसरं टोक वाळूत पुरलेल्या नांगराला. आणि त्या दोरावरून निघते ती वस्तू, जी पाहून सगळी मुलं खदखदून हसली. जीवरक्षक कड्याला शिवलेली कॅनव्हासची आखूड चड्डी. तिला ब्रीचेस बॉय म्हणतात. जहाजावरच्या माणसाने तिच्यात दोन्ही पाय घालून बसायचं आणि काठावरच्यांनी ओढून घ्यायचं. एका वेळी एक माणूस. लाटांवरून, लोंबकळत. कितीही मोठा कप्तान असो, चड्डीत पाय घातल्याशिवाय सुटका नाही.

गाडा थांबल्यापासून हे सगळं पाच मिनिटांत झालं पाहिजे, असा तेव्हाचा दंडक होता. हंगाम सुरू होऊन महिना झाल्यावरही ज्या ठाण्याला जास्त वेळ लागे, त्याचा वरून जाब विचारला जाई. शेजारचा एक गृहस्थ हातातल्या घड्याळाकडे बघत होता. आई समोर बघत होत्या. कवायत संपल्यावर टाळ्या झाल्या. आईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणाल्या, "नाटक चांगलं बसवलंय. पण रात्री कोण जागं असायचं, ते विचार."

मी विचारलं, आणि मला वाटतं या ठाण्याची खरी गोष्ट तीच आहे. रात्रभर, आणि धुकं असेल तर दिवसाही, एकेक सर्फमन किनाऱ्याने चालत निघे. शेजारच्या ठाण्याचाही एक जण त्याच वेळी निघालेला असे. दोघं मध्यावर भेटत आणि पितळेचे बिल्ले अदलाबदल करत. सकाळी शेजारच्या ठाण्याचा बिल्ला हातात आला, म्हणजे माणूस खरंच शेवटपर्यंत गेला होता याची खूण. जवळ कोस्टन नावाची दारूची कांडी. जहाज किनाऱ्याच्या फार जवळ आलेलं दिसलं किंवा रुतलेलं दिसलं, की ती पेटवायची. तांबडा उजेड. जहाजावरच्यांना त्याचा अर्थ एकच : तुम्ही आम्हाला दिसलात.

अडीच वर्षांपूर्वी एका रात्री माझे सासरे अलिबागच्या घरात पडले. आईंनी शेजारच्या सुलभाकाकूंचं दार वाजवलं. सुलभाकाकूंच्या मुलाने गाडी काढली, दवाखान्यात नेलं, पहाटे आम्हाला फोनही त्यानेच केला. रॅले, न्यूअर्क, मुंबई, मग भाऊच्या धक्क्याऐवजी रस्त्याने अलिबाग. अमित पोचला तो तिसऱ्या दिवशी. अग्नी सुलभाकाकूंच्या मुलाने दिला होता. हे वाचणाऱ्यांतल्या किती घरांत असं काहीतरी झालेलं असेल, ते मी मोजू इच्छित नाही. तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय. आईंनी आता इथेच राहावं, असं अमितचं म्हणणं. एकटं राहायचं म्हणजे काय, काही झालं तर? आईंचं उत्तर दर वेळी सारखं : "एकटी कुठे आहे?"

त्या ठाण्याच्या पायरीवर बसून त्यांनी ईराला पहिल्यांदाच नीट सांगितलं. त्यांच्या दाराच्या कडीला पहाटे दुधाची पिशवी लटकते. सातच्या आत ती उचललेली नसली, तर सुलभाकाकू दार वाजवतात. सुलभाकाकूंच्या दाराची पिशवी आई बघतात. ठरवून काही नाही, बाबा गेल्यापासून आपोआप सुरू झालं. "मग तुम्ही बिल्ला पण द्यायचा ना एकमेकींना," ईरा म्हणाली. "वाटीभर भाजी देते की," आई म्हणाल्या. अमित जरा पलीकडे उभा होता. त्याने ऐकलं की नाही, मी विचारलं नाही.

इथल्या शौर्याच्या गोष्टी खूप आहेत, सगळ्या सांगत बसत नाही. दक्षिणेकडच्या शेजारच्या ठाण्याचा रॅस्मस मिजेट 1899 च्या ऑगस्टमधल्या चक्रीवादळात घोड्यावरून गस्तीला निघाला होता. अंधारात त्याला हाका ऐकू आल्या. प्रिसिला नावाचं जहाज फुटत होतं. मदत आणायला परत जावं तर तोवर उशीर होईल, म्हणून तो एकटाच लाटांत शिरला. दहा माणसं बाहेर काढली. सात जणांना एकेक करून उडी मारायला लावून हाताला धरून आणलं, उरलेल्या तिघांना अंगात त्राण नव्हतं, त्यांना उचलून. आणि चिकामाकॉमिकोची सर्वांत गाजलेली कामगिरी 16 ऑगस्ट 1918 ची. पहिलं महायुद्ध चालू होतं. जीवरक्षक सेवा तोवर, 1915 मध्ये, तटरक्षक दलात विलीन झाली होती. मिर्लो नावाच्या ब्रिटिश तेलवाहू जहाजाला जर्मन पाणबुडीमुळे स्फोट झाला आणि पेट्रोल पसरून समुद्रच पेटला. कीपर जॉन अ‍ॅलन मिजेट आणि त्याचे पाच साथीदार मोटार बसवलेल्या होडीतून त्या आगीत गेले. सहांपैकी पाच जण मिजेट आडनावाचे, एक ओनील; आपल्याकडे एखाद्या वाडीत सगळे म्हात्रे असावेत तसं. उलटलेल्या होडीला चिकटलेले सहा, भरकटलेल्या दुसऱ्या होडीतले एकोणीस आणि कप्तानाच्या होडीतले सतरा, अशी 42 माणसं त्यांनी परत आणली. ब्रिटिश सरकारने सहाही जणांना सुवर्णपदकं दिली. ती होडी, नंबर 1046, इथे ठेवलेली आहे. अपेक्षेपेक्षा पुष्कळच लहान आहे.

आई होडीभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "रामदासच्या वेळी असं कोणी नव्हतं."

रामदास बोटीची गोष्ट रायगडच्या माणसाला सांगायला लागत नाही, इतरांसाठी थोडक्यात सांगते. 17 जुलै 1947, गटारीचा दिवस. सणाला घरी निघालेल्या माणसांनी भरलेली रामदास सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. वाचले ते पोहता येणारे आणि वाटेत कोळ्यांच्या होड्या भेटलेले. कोळी बाजाराला मासळी घेऊन निघाले होते, त्यांनी मासळी टाकून माणसं भरली, असं आईंचे वडील सांगत. मुंबईत मात्र दुपार उलटेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. "पोचली का नाही हे बघायला कोणी नेमलेलंच नव्हतं," आई म्हणाल्या. "कोळी होते म्हणून. तेही योगायोगाने."

अमेरिकेच्या या खात्याने 1871 पासून 1915 मध्ये विलीन होईपर्यंत 1,78,741 माणसांना मदत केली, अशी अधिकृत नोंद आहे. अगदी शेवटच्या एकापर्यंत. मला त्या आकड्यातला तो शेवटचा एक जास्त महत्त्वाचा वाटतो. कोणीतरी प्रत्येक वेळी मोजलं आणि लिहून ठेवलं.

पण लिहून ठेवलं म्हणजे दखल घेतलीच जाते, असं नाही. त्यासाठी परतताना मँटिओला थांबा. तिथे रस्त्याकडेला एक छोटंसं पांढरं घर आहे. ते पी आयलंड ठाण्याचं स्वयंपाकघर, जागेवरून उचलून आणून जपलेलं. आत जायला दहा मिनिटं पुरतात. आम्ही तासभर होतो.

पी आयलंडचा कीपर रिचर्ड एथरिज 1842 मध्ये गुलाम म्हणून जन्मला. गुलामाला अक्षर शिकवणं या राज्यात गुन्हा होता तेव्हा तो लिहा-वाचायला शिकला. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढला. 1880 मध्ये त्याची कीपर म्हणून नेमणूक झाली. जीवरक्षक सेवेतला तो पहिला कृष्णवर्णीय कीपर. त्याच्या हाताखाली काम करायला गोरे सर्फमन राहिले नाहीत, म्हणून सगळं पथकच कृष्णवर्णीयांचं झालं. काही महिन्यांत ठाणं जळालं. कोणीतरी जाळल्याचा संशय होता. एथरिजने ते पुन्हा उभं केलं आणि कवायती आणखी कडक केल्या. आपली एक चूक दुसऱ्यांच्या दहा चुकांइतकी मोजली जाणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नसावी. परदेशात पहिली नोकरी केलेल्या माणसालाही याची थोडीशी कल्पना असते. थोडीशीच, आपलं घर कोणी जाळलेलं नाही.

11 ऑक्टोबर 1896. चक्रीवादळाने समुद्र सगळ्या किनाऱ्यावर चढलेला. चालायला वाळूच नाही म्हणून त्या संध्याकाळी गस्त बंद ठेवली होती. तरी टेहळणीवरच्या थिओडोर मीकिन्सला दूर काहीतरी लुकलुकल्यासारखं वाटलं. त्याने कांडी पेटवली. तिकडून उत्तर आलं. ई. एस. न्यूमन नावाचं जहाज. पथक गाडा ओढत पोचलं, पण नांगर पुरायला कोरडी जमीन नव्हती, तोफ लावता येईना. पाठ केलेलं सगळं वेळापत्रक निरुपयोगी. तेव्हा एथरिजने दोन सर्फमनना दोराने एकत्र बांधलं आणि पोहत पाठवलं. दोराचं दुसरं टोक काठावरच्यांच्या हातात. पहिल्या फेरीत आलं ते कप्तानाचं तीन वर्षांचं मूल. दमले की दुसरी जोडी. अशा नऊ फेऱ्या, नऊ माणसं, सगळी जिवंत.

त्या वेळी पदक नाही. कप्तानाने नंतर किनाऱ्यावर शोधून आपल्या फुटलेल्या जहाजाच्या नावाची फळी मिळवली आणि पथकाला आणून दिली. त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच उरलेलं असणार. एथरिज 1900 मध्ये नोकरीत असतानाच आजारपणाने गेला. ठाणं 1947 मध्ये बंद झालं. सुवर्णपदक मिळालं 1996 मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. ते मिळावं म्हणून दोन अभ्यासकांनी आणि तटरक्षक दलातल्या एका अधिकाऱ्याने कागदपत्रं खणून काढली. आणि याच राज्यातल्या चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीने सिनेटरला आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहिली.

मी शाळेत वर्षानुवर्षं पत्रलेखन शिकवलं. 'माननीय महोदय' उजवीकडे की डावीकडे, यावर मुलांचे गुण कापले. आपल्या प्रभागात कचरापेटी बसवण्याबाबत आयुक्तांना पत्र लिहा. त्या पत्राला उत्तर येणार नाही, हे लिहिणाऱ्याला आणि तपासणारीला दोघींनाही माहीत असायचं. त्या मुलीचं पत्र कसं असेल, त्यात काय लिहिलं असेल, हे मला फार वाचावंसं वाटलं. ईराला विचारलं, तू काय लिहिलं असतंस? ती म्हणाली, "मी लिहिलं असतं, की तुम्हाला उशीर झालाय."

एथरिजची समाधी तिथून जवळच, रोअनोक बेटावरच्या मत्स्यालयाच्या आवारात आहे. मुलांना मत्स्यालय आवडतं, त्यामुळे घरातल्या कोणाचीच तक्रार येत नाही. ईरा आणि अमित पाणमांजरं बघायला आत गेले. आई आणि मी बाहेर बाकावर बसून थर्मासातला चहा प्यायलो. उन्हाने जीव हैराण झाला होता, पण आई उठायला तयार नव्हत्या.

अमित बाहेर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "ते तिकीट पुढे ढकलू नकोस. गणपतीला मला घरी असायला हवं."

"आई, आपण बोलू ना घरी गेल्यावर."

"बोलू की. पण ढकलू नकोस."

घरी आल्यावर दोनदा बोलणं झालं. एकदा आवाजही चढले. मी या वेळी कोणाच्याच बाजूने बोलले नाही. अमितची भीती खोटी नाही. पाच मिनिटांचा दंडक इथून पाळता येत नाही आणि ते त्याला झोपू देत नाही. आई गणपतीच्या आठवडाभर आधी गेल्या. सध्या रोज रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे सकाळी सात वाजता, अमितच्या फोनवर सुलभाकाकूंचा निरोप येतो : 'पिशवी उचलली.' परवा तो पंधरा मिनिटं उशिरा आला. मधली पंधरा मिनिटं अमित फोन हातात धरून जिन्यात उभा होता.